मागच्याचा विसावा

श्रोतेहो, सायकल आपल्या खेड्यापाड्यांना नवी नाही. दुधाच्या किटल्या, वैरणीचा भारा, मागे बसलेलं शाळकरी पोर, सारं काही तिनं वाहिलेलं आहे. आज बोलायचं आहे ते तिच्या धाकट्या बहिणीविषयी, म्हणजे डोंगरी सायकलीविषयी. आणि खरं म्हणजे त्याहून अधिक, तिच्यावरून मिळून जाणाऱ्या माणसांविषयी.

मी पिंपळे सौदागरला राहतो. पवनेकाठचं हे एके काळचं शेतीचं गाव. आता तिथं उंच इमारतींची दाटी झाली आहे. रविवारी पहाटे आम्ही दहा-बारा जण घोराडेश्वराच्या डोंगराकडे निघतो. कोणी हिंजवडीत संगणकावर काम करणारा, कोणी चाकणच्या कारखान्यातला फिटर, एक निवृत्त शिक्षिकाबाई, एक कॉलेजातला पोरगा, आणि चाळिशी उलटलेला मी.

डोंगरी सायकलीचे टायर रुंद आणि खडबडीत असतात. पुढच्या चाकावर धक्के सोसणाऱ्या स्प्रिंगा असतात. गिअर इतके हलके असतात की खडा चढही बसूनच चढता यावा. डांबरी रस्त्यावर मात्र हेच टायर जड जातात. 1970 च्या दशकात अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या डोंगरात हौशी तरुणांनी जुन्या सायकलींत फेरफार करून ही जात घडवली. 1996 च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये तिची शर्यतही आली.

आता एक गंमत पाहा. सपाट रस्त्यावर मुख्य विरोध वाऱ्याचा. पुढच्याच्या आडोशाला राहिलं की मागच्याचे श्रम वाचतात, म्हणून थोडा कमजोर गडीही सहज टिकतो. चढ लागला की वेग घटतो, आडोशाचा उपयोग उरत नाही. तिथं ज्याचं त्याचं वजन आणि ज्याचा त्याचा दम. म्हणून गावापासून एकत्र आलेला घोळका पहिल्याच चढावर फुटतो. यात कुणाचा दोष नसतो. दोष असलाच तर तो पुढं होतो.

तो माझ्या हातून झाला. त्या दिवशी पुढारीपण माझ्याकडे होतं. आमचा फिटर रात्रपाळी करून तसाच आला होता. प्रत्येक फाट्यावर आम्ही त्याच्यासाठी थांबायचो, पाणी प्यायचो, गप्पा मारायचो, आणि तो दिसला रे दिसला की मी म्हणायचो, "चला!" तिसऱ्या वेळी तो आलाच नाही. मागं जाऊन पाहतो तर गडी बाभळीखाली बसलेला. उतारावर थकल्या हातानं पुढचा ब्रेक एकदम दाबला गेला आणि तो मुरमावर घसरला. कोपर सोललं होतं, हात थरथरत होते. म्हणाला, "सर, तुम्ही माझ्यासाठी थांबता, हे खरं. पण मी पोचतो तेव्हा तुमची विश्रांती संपलेली असते. माझी कधी सुरूच होत नाही."

श्रोतेहो, मी निरुत्तर झालो. जो सर्वांत थकलेला, त्यालाच विसावा नाही! देहूहून निघालेली तुकोबांची पालखी आमच्या आकुर्डीला मुक्काम करते. वाटेवरचा विसावा हा म्हाताऱ्या वारकऱ्याचाही असतो, हे दरवर्षी पाहूनही मला कळलं नव्हतं.

त्यानंतर आम्ही रीत बदलली. सर्वांत मागचा पोचला की तिथून पुढं दहा मिनिटं मोजायची. त्याआधीची धरायची नाहीत. एक जाणता स्वार पंप आणि पंक्चरचं सामान घेऊन नेहमी शेवटी राहायचा. फाट्यावर मागचा दिसल्याशिवाय वळायचं नाही. उतारावर अंतर राखायचं, वळणाआधीच वेग कमी करायचा आणि दोन्ही ब्रेक हळूहळू दाबायचे. आणि ज्याला रग फार आहे, त्यानं चढून जावं, परत खाली यावं आणि मागच्याबरोबर पुन्हा चढावं. कॉलेजातल्या पोराला हा नियम फार आवडला. त्याची हौस फिटते आणि मागच्याला सोबत मिळते.

पुण्याचे दिव्यांशू गणात्रा यांना दृष्टी नाही. 2016 साली त्यांनी जोडसायकलवरून मनाली ते खार्दुंगला हा हिमालयातला प्रवास केला. जोडसायकलीवर पुढचा मागच्याला सोडून जाऊच शकत नाही. आमच्या सायकली सुट्या असल्या, तरी मनात तेवढी जोड ठेवायला काय हरकत आहे?

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, जाता जाता एक सांगतो. वर्गात शेवटचं पोर गणित संपवून मान वर करतं, नेमक्या त्याच क्षणी आपण फळ्यावर दुसरं गणित घालतो. आपण त्याच्यासाठी थांबलो, असं आपल्याला वाटतं. एकदा त्याला विचारून पाहा.

आमचा फिटर अजून येतो. अजूनही सर्वांच्या मागून येतो. पण आता येताना गाणं म्हणत येतो.