न लिहिलेले तास



तरुण नोकरदारांच्या कामाचे तास हा आमचा आजचा विषय, आणि ज्यांच्याविषयी बोलावयाचे ते या सभेत फारसे दिसत नाहीत. आता संध्याकाळची वेळ. रबाळ्याच्या कारखान्यांत दुसरी पाळी भरात आहे, आणि कचेऱ्यांत ज्यांना सहाला सुटावयाचे होते ती मुले अद्याप खुर्चीवरच आहेत. तेव्हा समोर बसलेल्या त्यांच्या आईबापांशीच आम्ही बोलणार.

ठाणे-बेलापूर रस्त्याच्या कडेने रबाळे, गोठिवली, तळवली, घणसोली ही आगरी-कोळ्यांची गावे. त्यांच्या जमिनींवर १९६० नंतरच्या दशकात औद्योगिक वसाहत उभी राहू लागली. रसायने, औषधे, यंत्रांचे सुटे भाग असे कारखाने आले. त्या कारखान्यांना भोंगा होता. भोंगा झाला की पाळी सुटली, हे घरी भाकरी टाकणाऱ्या बाईलाही कळे. आता त्यांतील कित्येक जागी काचेच्या इमारती आहेत, डेटा सेंटरे आहेत, रात्रभर परदेशाशी बोलणाऱ्या कचेऱ्या आहेत. २००४ सालापासून रेल्वे आली, त्यामुळे दिव्याचा, कल्याणचा, बदलापूरचा मुलगा ठाण्याला गाडी बदलून येथे कामाला येतो. भोंगा मात्र गेला, आणि त्याच्याबरोबर काम संपल्याची खूण गेली.

पूर्वीचे दिवस सोन्याचे होते, असे आम्ही म्हणत नाही. आपल्या ठाण्यातच जन्मलेल्या नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईच्या गिरणीकामगारांचा अर्ज तयार केला. त्यावर सुमारे साडेपाच हजार सह्या होत्या. मागणे काय होते? आठवड्याला रविवारची सुटी, दुपारी अर्धा तास विसावा, काम सकाळी साडेसहापासून सूर्यास्तापर्यंतच, आणि पगार वेळेवर. ज्या शिकागोच्या नावाने आपण मे दिन पाळतो, तेथील लढा १८८६ चा. हा अर्ज त्याच्या दोन वर्षे आधीचा. रविवार मिळावयास १८९० चा जून उजाडावा लागला. आजची मुले रविवारी घरी असतात ती कोणाच्या कृपेने, हे त्यांना शाळेत कोणी सांगितलेले नसते.

त्या अर्जातील 'सूर्यास्त' या शब्दाकडे लक्ष द्या. त्या काळी मालकाचा लोभ कितीही मोठा असला, तरी अंधार पडला की माग थांबे. पुढे गिरण्यांत विजेचे दिवे आले, आणि १९०५ च्या सुमारास कित्येक गिरण्या चौदा-चौदा, पंधरा-पंधरा तास चालू लागल्या. कामगार खवळले, दंगे झाले. अखेर १९११ च्या कायद्याने कापडगिरणीतल्या पुरुष कामगाराला बारा तासांची मर्यादा घातली. दिवा वाईट नव्हता. दिव्याने दिवस लांबला आणि लांबलेला दिवस मालकाने फुकट घेतला, ही गोष्ट वाईट. आज खिशातल्या मोबाइलने तेच केले आहे. रात्री अकराला साहेबाचा निरोप येतो, 'जरा बघून घे'. हे 'जरा' कोणत्या हजेरीपुस्तकात मांडायचे?

आमच्या युनियनच्या कचेरीत मागे एक चोवीस-पंचवीस वर्षांचा मुलगा आला. पगार महिना २४,००० रुपये. तक्रार तासांची नव्हतीच. छातीत धडधडते, झोप लागत नाही, म्हणून चांगला डॉक्टर विचारायला आला होता. आम्ही त्याला शाळेची एक वही दिली आणि म्हटले, "आठवडाभर आत गेल्याची वेळ, बाहेर पडल्याची वेळ आणि घरून केलेले काम एवढेच लिही." आठवड्याने बेरीज केली ती ६१ तासांची. कागदोपत्री तास ४८. वरचे तेरा तास कोठेच नव्हते. महिन्याचे २६ दिवस आणि दिवसाचे आठ तास धरले, तर त्याचा तासाचा दर ११५ रुपये. जादा कामाला दुप्पट दर, म्हणजे २३०. तेरा तासांचे जवळजवळ तीन हजार. महिन्याला बारा हजारांवर, अर्धा पगार! तो कितीतरी वेळ त्या आकड्याकडे पाहत बसला. मग म्हणाला, "काका, पण मी टीम लीडर आहे ना."

खरी गोम येथे आहे. कायद्याचे संरक्षण 'कामगारा'ला. देखरेखीच्या कामावरचा माणूस महिना १८,००० रुपयांवर गेला, की औद्योगिक संबंध संहितेच्या लेखी तो कामगार राहत नाही. म्हणून हुद्दे फुकट वाटले जातात. हाताखाली एक माणूस नाही, सही कशावर नाही, रजा द्यायचा अधिकार नाही, पण गळ्यातल्या कार्डावर 'लीडर'! आमच्या मते प्रश्न हुद्द्याच्या नावाचा नाही, माणूस प्रत्यक्ष काय काम करतो याचा आहे, आणि न्यायालयेही हेच पाहतात. परंतु मुलांना हे सांगणार कोण?

३ सप्टेंबर २०२५ रोजी राज्याच्या मंत्रिमंडळाने कारखान्यांत दिवसाचे तास नऊवरून बारापर्यंत, आणि तिमाहीतील जादा कामाची मर्यादा ११५ तासांवरून १४४ पर्यंत नेण्यास मंजुरी दिली. जादा कामाला कामगाराची लेखी संमती हवी, हेही सांगितले. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्राच्या श्रमसंहिता लागू झाल्या. त्यांत दिवसाचे आठ तास आणि जादा कामाला दुप्पट दर आहेत. कागदावर ठीक. पण १४४ तास तेरा आठवड्यांत वाटा. आठवड्याला अकरा येतात. ४८ आणि ११ मिळून ५९. जागतिक आरोग्य संघटना व आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ साली मिळून सांगितले, की आठवड्याला ५५ तास वा अधिक काम करणाऱ्याला, ३५ ते ४० तासवाल्याच्या मानाने, पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मरण्याचा धोका १७ टक्क्यांनी जास्त. म्हणजे पुरती मुभा वापरली, तर धोक्याची रेषा कायदा न मोडताच ओलांडता येते. पूर्वीच्या ११५ तासांनीही ती ओलांडता येत होती, हे आम्ही लपवीत नाही. आणि लेखी संमतीचे म्हणाल, तर कंत्राटावरचा पोरगा नेमणुकीच्या दिवशी दहा कागदांवर सह्या करतो. त्यांतला अकरावा हा.

२०२४ च्या जुलैत पुण्यात सव्वीस वर्षांची एक सनदी लेखापाल मुलगी नोकरीला लागल्यापासून चार महिन्यांत वारली. कामाच्या ओझ्याने ती गेली, असे तिच्या आईने पत्र लिहून सांगितले. संस्थेने ते मानले नाही. कारणाचा निवाडा आम्ही येथे करीत नाही. परंतु त्यानंतर सरकारी तपासणी झाली तेव्हा, जो कायदा कचेरीतल्या तासांवर नजर ठेवतो त्याखाली त्या कचेरीची नोंदणीच नव्हती, असे बाहेर आले. त्या सुमारास आगेमागे दोन थोर उद्योगपतींचे उपदेशही झाले. नारायण मूर्तींनी २०२३ साली तरुणांना आठवड्याला ७० तास सांगितले, लार्सन अँड टुब्रोच्या अध्यक्षांनी २०२५ च्या जानेवारीत ९०. नव्वदाला सात दिवसांनी भागा, रोजचे जवळजवळ तेरा. लोखंड्यांचा रविवार त्यात गेला.

आमच्या विरोधी बोलणारे कारखानदारच असतात असे नाही. गेटसभेत पोरेच म्हणतात, "काका, ओव्हरटाइम बंद करू नका, घराचा हप्ता आहे." त्यांना आम्ही रागावत नाही. ज्याला आठ तासांत पोटापुरते मिळत नाही, तो बारा मागणारच. तेव्हा तासांचे भांडण पगाराच्या भांडणापासून सोडवता येत नाही. आणि तास वाढवले नाहीत तर उद्योग दुसऱ्या राज्यात जातील, या भीतीला एक उत्तर तमिळनाडूत मिळाले. तेथील विधानसभेने एप्रिल २०२३ मध्ये बारा तासांचे विधेयक संमत केले. संघटना एकजुटीने उठल्या आणि १ मे रोजी मुख्यमंत्र्यांनी ते मागे घेतल्याचे जाहीर केले. ती एकजूट आपल्या पट्ट्यात आज नाही, कारण ज्या मुलांनी उठायचे ती एकमेकांना ओळखतही नाहीत. एकाच मजल्यावर चार कंत्राटदारांची माणसे.

म्हणून आम्ही सध्या फार मोठे काही मागत नाही. वही मागतो. आईबापांनी मुलाला लग्नाचे विचारण्याआधी, किती वाजता सुटलास हे विचारावे आणि त्याच्या हातून लिहून घ्यावे. अंदाजाने नव्हे, घड्याळात पाहून. रोज, त्याच दिवशी. मोबाइलवरचे रात्रीचे निरोप पुसू नयेत. असली घरगुती वही कामगार अधिकाऱ्यापुढे टिकेल का, असे आम्हांला नेहमी विचारतात. एकटी टिकणे कठीण. पण कंपनीच्या दारावर कार्ड लावूनच आत जावे लागते, आणि तेथे मिनिटामिनिटाची नोंद राहते. ती नोंद हजर करा, अशी मागणी करता येते. मात्र कोणत्या दिवसाची आणि कोणत्या वेळेची हे आधी आपल्याला सांगता आले पाहिजे. त्या मुलाच्या वहीला आता पाचवा महिना चालू आहे. त्याच्या मजल्यावरच्या आणखी चौघांनी वह्या घातल्या आहेत, आणि त्यांतले दोघे दुसऱ्या कंत्राटदाराचे आहेत.