तिसरी डिस्क घरी

1984 च्या रंगराजन समितीनंतर बँकांत संगणक वाढले. हिशेबाची एक प्रत दुसऱ्या इमारतीत ठेवायची, ही माझी तिथली सवय. सोसायटीच्या ऑफिसात छोटा सर्व्हर बसवला तेव्हा पिंगुळीतला पाऊस, विजा, जाणारी लाईट बघून यूपीएस घेतला. आत दोन डिस्क लावल्या, तिसरी घरी नेली. काहीजण हसले.
मग माझ्याच हातून मेंटेनन्सची वर्षाची फाईल पुसली गेली. दुसऱ्या डिस्कवरूनही त्याच क्षणी गेली. ती आरसाच हो! एक डिस्क बिघडली तर दुसरी सांभाळते, माणसाची चूक मात्र दोन्हीकडे उमटते. घरच्या डिस्कवर शनिवारची प्रत होती, म्हणून वाचलो.
आता सत्तरी उलटली. दर शनिवारी ती डिस्क ने-आण करायला कुणी तरुण पुढे या.