औषधाचा वाहक



औषध पोटात गेले म्हणजे ते रोगाच्या ठिकाणी पोहोचलेच, असे नाही. जठरातील तीव्र आम्लात काही औषधे नष्ट होतात. बाकीची पुष्कळशी लहान आतड्यातच रक्तात शोषली जातात. मग मोठ्या आतड्यातील व्रणांपर्यंत औषध न्यावे कसे?

१९४० च्या सुमारास स्वीडनमधील वैद्यकाच्या प्राध्यापिका नन्ना स्वार्ट्झ यांच्या प्रयत्नांतून सल्फासालाझिन हे औषध पुढे आले. त्यात दोन रेणू एका बंधाने जोडलेले असतात. हा बंध जठरात टिकतो आणि मोठ्या आतड्यातील जिवाणू तो तोडतात. जणू कुलूप औषधाला आणि किल्ली आतड्यात! १९७७ मध्ये ऑक्सफर्डच्या संशोधकांनी दाखवले, की सूज शमवतो तो त्यांतील एकच रेणू. दुसरा मुख्यतः वाहक. असेही दिसले, की बरेचसे दुष्परिणाम या वाहकाचेच होते.

आज संशोधक नॅनोवाहक घडवीत आहेत. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. आम्लात टिकणारे व सामू ७ च्या आसपास विरघळणारे आवरण या सूक्ष्म कणांना देता येते. प्राण्यांवरील प्रयोगांत असे कण सुजलेल्या अस्तरात अधिक साठलेले आढळले आहेत. तथापि प्राण्यांत साधलेले माणसांत साधेलच, असे नाही.

म्हणून औषधाइतकीच त्याच्या वाहकाचीही कसोटी लागली पाहिजे. रुग्णाला आशा द्यावी, पण ती पुराव्याच्या आधाराने. विज्ञानाचा विद्यार्थी होऊ पाहणाऱ्याने हा संयम शाळेतच अंगी बाणवावा.