एका कुशीत दुखतंय? दर वेळी उसण नसते



आम्ही मुंबईच्या उपनगरांत घाटकोपर, मुलुंड, अंधेरी, बोरिवली या भागांतल्या वस्त्यांमध्ये महिला बचतगटांचं काम करतो. बैठकीत हप्ते भरून झाले की बोलणं दुखण्यांकडे वळतं. तेव्हा एक वाक्य हमखास कानावर येतं, "एका कुशीत दुखतंय गं, उसण भरली असेल." गावाकडेही आपण हेच म्हणतो. म्हणून आज या एका बाजूच्या दुखण्याबद्दल बोलू.

उसण खरंच भरते. पाण्याची कळशी नेहमी एकाच कमरेवर, मूलही त्याच कडेवर, मग ती बाजू धरते. असं दुखणं वाकलं, वळलं की वाढतं, दाबलं की तिथेच लागतं आणि शेकून, विश्रांती घेऊन काही दिवसांत उतरतं. असं नसेल, तर कारण आत शोधायला हवं.

बेंबीभोवती दुखायला लागलं आणि काही तासांत दुखणं पोटाच्या उजव्या बाजूला खाली सरकलं, भूक गेली, उलटी झाली, खोकलं तरी कळ येते, तर ते अपेंडिक्स असू शकतं. "बेंबी सरकली" म्हणून अशा वेळी पोट चोळू नका, एरंडेल देऊ नका. सुजलेलं अपेंडिक्स फुटलं तर जिवावर बेततं.

उजव्या बरगडीखाली, तेलकट खाल्ल्यावर कळ येते आणि ती पाठीत किंवा उजव्या खांद्यात जाते, तर पित्ताशयात खडे असू शकतात. सोबत ताप आला किंवा डोळे पिवळे झाले तर थांबू नका.

कमरेच्या वर एका बाजूला कळ उठून जांघेपर्यंत उतरते, लाटेसारखी येते-जाते, बसवत नाही, निजवत नाही, लघवी लाल होते. हा बहुधा मुतखडा. लघवीला जळजळ, थंडी वाजून ताप आणि एका कुशीत दुखणं असेल, तर जंतुसंसर्ग मूत्रपिंडापर्यंत गेलेला असू शकतो.

याचं एक मूळ आपल्या सवयीत आहे, पण ती सवय आपण हौसेनं लावून घेतलेली नाही. भाजी विकणारी, नाक्यावर उभी राहणारी, शेतात राबणारी बाई पाणी कमी पिते, कारण लघवीला जायला जागा नसते. मुंबईत २०११ साली कोरो आणि इतर संस्थांच्या कार्यकर्त्यांनी 'राइट टू पी' ही मोहीम याचसाठी उभी केली. पुरुषांना मुतारी फुकट आणि बायकांना मात्र पैसे, हा त्यांचा सवाल होता. तुमच्या बाजारात, एसटी स्टँडवर काय स्थिती आहे? ग्रामसभेत हा विषय मांडायला लाजू नका.

आता सगळ्यांत महत्त्वाचं. पाळी चुकलेली, ओटीपोटात एका बाजूला दुखतंय, थोडं रक्त जातंय, चक्कर येते, तर गर्भ पिशवीत न राहता नळीत राहिलेला असू शकतो. आमच्या एका गटातल्या ताईंचं असंच झालं. नसबंदी झालेली, म्हणून दिवस राहिले असतील असं कुणाच्या मनातही आलं नाही. नळावर चक्कर येऊन पडल्या. गटातल्या बायकांनी रिक्षात घालून पालिकेच्या रुग्णालयात नेलं, त्याच रात्री शस्त्रक्रिया झाली, म्हणून वाचल्या. नसबंदीनंतर किंवा तांबी असतानाही असं क्वचित होऊ शकतं, हे ध्यानात ठेवा.

छातीवर किंवा पाठीवर एकाच बाजूच्या पट्ट्यात आग होते आणि काही दिवसांनी फोड येतात, ती नागीण. कांजिण्यांचा विषाणू शरीरात दबून असतो, तोच पुन्हा उठतो. नागिणीची दोन टोकं जुळली की माणूस मरतो, हे खरं नाही. फोड दिसल्यापासून ३ दिवसांच्या आत औषध सुरू झालं तर जास्त गुण येतो.

छातीत दाब, डावा हात किंवा जबडा दुखणं, दम लागणं, दरदरून घाम येणं ही हृदयविकाराची लक्षणं असू शकतात. बायकांमध्ये कधी कधी नुसती मळमळ, पाठदुखी आणि थकवाच असतो. एका बाजूचा हातपाय अचानक लुळा पडला, तोंड वाकडं झालं, तर तो लकवा. तिथे मिनिटामिनिटाला मोल आहे. अशा वेळी १०८ ला फोन करा.

मेडिकलमधून गोळी आणून दुखणं दाबू नका. दुखरी गोळी रोज घेतली तर मूत्रपिंडालाच इजा होऊ शकते. डॉक्टरांकडे गेलात की चार गोष्टी स्वतःहून सांगा : कुठे आणि कधीपासून दुखतंय, ताप-उलटी आहे का, लघवी कशी होते, शेवटची पाळी कधी आली.

आणि गटाकडे एक मागणं. बी-बियाणं, लग्नकार्य यांसाठी आपण अंतर्गत कर्ज देतो. दवाखान्यासाठी थोडी रक्कम कायम बाजूला ठेवा आणि रात्री-अपरात्री बरोबर कोण जाणार, हे आधीच ठरवा. "घरचे काय म्हणतील, पैसे कुठून आणू," या विचारात बाईचे तास जातात. ते तास गटानं वाचवायचे.