इटलीचं द्राक्ष, अकलूजचं ऊन

आमच्या खर्ड्याकडे ज्वारी घेताना जाणकार माणूस आधी विचारतो, "कुठली?" मंगळवेढ्याची म्हटलं की पुढे बोलावं लागत नाही. इटलीत वाइनचं तसंच आहे. तोस्काना प्रांतातली क्यान्ती ही रेड वाइन तिथल्या टेकड्यांच्या पट्ट्याच्या नावाने विकली जाते. त्या पट्ट्याच्या हद्दी १७१६ मध्येच राज्यकर्त्या तिसऱ्या कोसिमोने हुकूम काढून आखल्या. तिचं मुख्य द्राक्ष सांजोवेझे.

हे द्राक्ष आता आपल्या शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात, अकलूज परिसरात पिकतं. अकलूजचे मोहिते-पाटील, दिल्लीचे सेखरी, इटलीचे सेच्ची, अशा भावांच्या तीन जोड्या आणि तोस्कानाचे वाइनतज्ज्ञ पिएरो मासी, असे सातजण एकत्र आले. कंपनीचं नाव फ्रातेल्ली, म्हणजे भाऊ. त्यांच्या मानाच्या रेड वाइनचं नाव सेत्ते, म्हणजे सात.

द्राक्ष तेच, पण रीत पार वेगळी. इटलीत वेल थंडीत पानं गाळून झोपते. आपल्याकडे तिला झोप कुठली! म्हणून छाटण्या दोन: उन्हाळ्यात खरड छाटणी, पावसाळा सरताना फळछाटणी. तोस्कानात तोडणी चालते त्या सुमारास इथे कात्री चालते. उन्हात साखर भराभर चढते, आंबटपणा उतरतो आणि सांजोवेझेची चव तर त्या आंबटपणातच. तोडणीला थोडा उशीर झाला तरी महागात पडतो.

मग ओकचं पिंप. लाकडातून किंचित हवा झिरपते, तुरटपणा मऊ होतो, व्हॅनिलासारखा वास येतो. लोणच्याची बरणी चव देत नाही, हे पिंप देतं. क्यान्तीची जुनी पिंपं अवाढव्य; त्यांचा वास फारसा उतरत नसे. १९७१ मध्ये आंतिनोरी घराण्याने तिन्यानेल्लो ही सांजोवेझेची वाइन लहान पिंपांत मुरवली, पुढे तीत कॅबर्नेही मिसळली. नियमात बसेना, म्हणून क्यान्ती हे नाव सोडून ती साधी टेबल वाइन म्हणून विकली. तरी गाजली. सेत्तेही सांजोवेझे आणि कॅबर्नेचीच, ओकमध्ये मुरवलेली, त्याच कुळातली.

नाशिकच्या वाइनला मुलखाच्या नावाचं भौगोलिक मानांकन मिळालं. सेत्तेच्या नावात मात्र सात माणसं आहेत, मुलूख नाही. तो चवीत तरी लागायला हवा आणि नव्या लाकडाचा वास नेमका त्यावर पांघरूण घालतो, असं मला वाटतं. काही वर्षं वापरलं की पिंपाचा वास ओसरतो. अशा जुन्या पिंपात मुरलेली, नुसत्या सांजोवेझेची अकलूजची वाइन क्यान्तीशेजारी ठेवून चाखायला हवी.