मॅगझिन निघतं, म्हणून कुठलंही बसेलच असं नाही

मी ऑस्टिनला राहतो, आठवडाभर कोड लिहितो आणि शनिवारी रेंजवर बोल्ट-अ‍ॅक्शन रायफल चालवतो. अमेरिकेतल्या मराठी पोरांचे मेसेज येतात, त्यात एक प्रश्न हमखास असतो: "नवीन चेसिस घेतली, मॅगझिन घेतलं, आणि काडतूस नीट आत जातच नाही. रायफल खराब आहे का?" बहुतेक वेळा रायफल ठणठणीत असते. आज त्यावरच बोलू.

आधी दोन शब्द नवीन ऐकणाऱ्यांसाठी. बोल्ट-अ‍ॅक्शन म्हणजे प्रत्येक गोळीनंतर हाताने बोल्ट मागे ओढायचा आणि पुढे ढकलायचा. पुढे जाताना बोल्ट मॅगझिनमधलं वरचं काडतूस नळीच्या मागच्या भागात, म्हणजे चेंबरमध्ये ढकलतो. चेसिस म्हणजे लाकडी दस्त्याऐवजी अ‍ॅल्युमिनियमचा सांगाडा. त्यात खालून मॅगझिन बसतं.

आपल्याकडे हवालदारांच्या खांद्यावरची थ्री नॉट थ्री सगळ्यांनी पाहिलीय. तिचंही 10 काडतुसांचं मॅगझिन निघतं. पण ते भरायचे वरून, पाच-पाच काडतुसांच्या क्लिपने. निघणारं मॅगझिन आणि बदलता येणारं मॅगझिन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आजचा सगळा भाग या एका वाक्यावर उभा आहे.

आता हे एआयसीएस प्रकरण काय? इंग्लंडची अ‍ॅक्युरसी इंटरनॅशनल ही कंपनी. तिच्या संस्थापकांपैकी एक माल्कम कूपर, 1984 आणि 1988 च्या ऑलिंपिकमध्ये रायफल नेमबाजीत सुवर्ण जिंकलेला माणूस. रेमिंग्टन 700 ही 1962 पासूनची अमेरिकन रायफल. तिच्यासाठी या कंपनीने एक चेसिस काढली. तिचं नाव एआयसीएस. तिचं मॅगझिन इतकं चाललं, की मॅगपुल, एमडीटी, अ‍ॅक्युरेट-मॅग असे सगळे त्याच आकाराची मॅगझिन करायला लागले.

गंमत इथेच आहे. काडतुसाची मापं अमेरिकेत सामी ही संस्था ठरवून देते. मॅगझिनचं तसं नाही, एकाने केलं ते बाकीच्यांनी उचललं. आपल्या भाषेत सांगायचं तर एपीआय सगळे वापरतायत, पण स्पेक कुणी लिहिलेलं नाही. त्यामुळे पाकिटावर एआयसीएस लिहिलंय म्हणजे तुमच्या चेसिसमध्ये ते बसण्याची शक्यता चांगली आहे, एवढंच समजायचं.

घेताना चार गोष्टी बघा.

एक, चेसिस कुठलं मॅगझिन मागते? एआयसीएसमध्ये काडतूस मधोमध एकाच जागेवरून वर येतं. एडब्ल्यू प्रकारात ते डावी-उजवीकडून आळीपाळीने येतं. तेवढ्याच काडतुसांसाठी एडब्ल्यू मॅगझिन बुटकं असतं, पण प्रत्येक चेसिस ते घेत नाही.

दोन, लांबी. .308 विंचेस्टरच्या काडतुसाची ठरलेली कमाल लांबी 2.810 इंच, म्हणजे 71.4 मिलिमीटर. 6.5 क्रीडमूरची 2.825 इंच. जे स्वतः काडतूस भरतात ते गोळी मुद्दाम थोडी बाहेर ठेवतात. अशांनी मॅगझिनची आतली लांबी आधी मोजावी. काही स्टील मॅगझिनमध्ये पुढे बाइंडर प्लेट नावाची पट्टी असते. ती नसलेल्या मॅगझिनमध्ये जागा जास्त मिळते. उलट 6 बीआरसारखं आखूड काडतूस असेल तर मागे स्पेसर लागतो, नाहीतर ते आत मागेपुढे सरकत राहतं.

तीन, स्टील की पॉलिमर. पॉलिमर स्वस्त, गंजत नाही. पण भिंत जाड असते, त्यामुळे घट्ट चेसिसमध्ये अडू शकतं.

चार, कायदा. कॅलिफोर्नियासारख्या काही राज्यांत 10 पेक्षा जास्त काडतुसांचं मॅगझिन चालत नाही. आणि एच-वन-बीवाल्यांनो, कान देऊन ऐका: नॉन-इमिग्रंट व्हिसावर बंदूकच काय, काडतूस बाळगणंही फेडरल कायद्याने गुन्हा आहे. ठरावीक अपवाद आहेत, त्यातला आपल्या लोकांच्या उपयोगाचा म्हणजे चालू असलेलं हंटिंग लायसन्स. माझं टेक्ससचं लायसन्स 31 ऑगस्टला संपतं, म्हणून कॅलेंडरमध्ये रिमाइंडर लावून ठेवलाय. मित्राच्या शब्दावर जाऊ नका, वकिलाला विचारा. इथे व्हिसाच पणाला लागतो.

आता डिबगिंग. हे सगळं डमी काडतुसांवर करायचं, म्हणजे ज्यात दारूही नाही आणि प्रायमरही नाही. खरी काडतुसं दुसऱ्या खोलीत.

सगळ्यात आधी प्रत्येक मॅगझिनवर मार्करने नंबर टाका. मग बघा, अडचण एकाच नंबरसोबत फिरते का सगळ्यांमध्ये येते? एकाच नंबरला असेल तर दोष मॅगझिनचा. सगळ्यांना असेल तर चेसिस किंवा लॅच बघा. या एका पायरीने अर्धं काम होतं.

बोल्ट काडतुसाच्या वरून निघून जातोय? मग मॅगझिन बहुतेक खाली बसलंय. बोटाने मॅगझिन हलकेच वर दाबून धरा आणि बोल्ट चालवा. आता काडतूस उचललं गेलं, तर लॅच सैल आहे. बऱ्याच चेसिसमध्ये लॅचची उंची बदलता येते.

बोल्ट खरवडत चाललाय? मॅगझिन जास्त वर आहे. ओठांवर, म्हणजे काडतूस धरून ठेवणाऱ्या वरच्या कडांवर, चकचकीत ओरखडे दिसतील. फक्त स्पर्धेत, अडथळ्यावर रायफल टेकवल्यावरच असं होत असेल, तर तुमचं वजन मॅगझिनवर पडून ते वर ढकललं जातंय. टेकायची जागा बदला.

काडतुसाचं टोक खाली जाऊन आपटतंय? स्प्रिंग आणि फॉलोअर बघा. फॉलोअर बोटाने दाबल्यावर तिरका होऊन अडकतो का? व्हर्नियरने ओठांमधलं अंतर पुढे आणि मागे मोजा, आणि चांगल्या चालणाऱ्या मॅगझिनशी ताडून बघा. पक्कड घेऊन ओठ वाकवत बसू नका. नवीन असेल तर परत करा.

10 भरल्यावर मॅगझिन लागतच नाही? बोल्ट बंद असेल तर वरचं काडतूस त्याला खालून टेकतं आणि स्प्रिंगला दबायला जागा उरत नाही. बोल्ट उघडा ठेवून लावा किंवा 9 भरा. आणि लावल्यावर एकदा खाली ओढून बघायचंच.

धूळ असेल तर मॅगझिन उघडून कोरड्या फडक्याने पुसा. आत तेल ओतू नका, धूळ त्यालाच चिकटते. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. लॅच, स्प्रिंग, काडतुसाची लांबी सगळं एकदम बदललं, तर बग गेला तरी कशाने गेला ते कळणार नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. रेमिंग्टन 700 सारख्या रायफलमध्ये बोल्ट काडतुसाला नुसता ढकलत नेतो. शेवटी बोल्ट पूर्ण पुढे गेल्यावरच एक्स्ट्रॅक्टर काडतुसाची कड पकडतो. समजा तुम्ही अर्ध्यात थबकलात आणि बोल्ट मागे घेतलात. पहिलं काडतूस चेंबरमध्येच राहतं. पुन्हा पुढे ढकललंत तर दुसऱ्या गोळीचं टोक पहिल्याच्या प्रायमरवर जाऊन टेकतं. प्रायमर म्हणजे जिथे ठिणगी पडते ती जागा. स्पर्धेत घड्याळात 90 किंवा 120 सेकंद असतात, आणि घाईत हात आपोआप जोर लावतो.

म्हणून नियम साधा: अडलं की जोर नाही. बोट चापावरून बाहेर, नळी टार्गेटकडे, मॅगझिन काढा, बोल्ट मागे घ्या आणि चेंबरमध्ये डोळ्यांनी बघा. आत काडतूस दिसलं तर रेंज ऑफिसरला हाक मारा. मॅगझिन काढलं म्हणजे रायफल रिकामी झाली असं कधीच समजू नका. स्टेज वाया गेला तर पुढच्या महिन्यात दुसरा मिळेल.

मी स्वतः मित्रांना एकच सल्ला देतो: आधी दोनच मॅगझिन घ्या, प्रत्येकातून शंभर वेळा डमी चालवा, आणि जी चालतील त्याच मेकची बाकीची घ्या. स्पर्धेच्या आदल्या रात्री आलेलं नवंकोरं मॅगझिन बॅगेतच राहू द्या. शुक्रवारी संध्याकाळी प्रॉडक्शनला डिप्लॉय करत नाही ना आपण?

तुमच्या मॅगझिनचा काही वेगळाच त्रास असेल तर व्हॉइस नोट पाठवा, आणि कुठल्या नंबरला होतं तेही सांगा. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!