किनाऱ्याचे राखणदार



पेडणे तालुक्यात गावोगाव राखणदाराला मान आहे. रात्री तो गावाच्या सीमेवरून फिरतो. पिकांची, गुराढोरांची आणि वाट चुकलेल्या माणसाची राखण करतो, अशी तेथील पिढ्यान्‌पिढ्यांची श्रद्धा. आज मी आपल्याशी बोलणार आहे ते अशाच एका राखणीविषयी. मात्र ही राखण माणसांनी करावयाची आहे, आणि तिची सीमा भरतीच्या रेषेवर आहे.

शापोरा नदी जेथे समुद्राला मिळते, तेथे दक्षिणेस शापोऱ्याचा किल्ला उभा आहे आणि उत्तरेस मोरजीचा किनारा पसरला आहे. थंडीच्या दिवसांत या वाळूवर रात्री सागरी कासवांच्या माद्या येतात. ‘ऑलिव्ह रिडली’ या जातीची ही कासवे. मादी मागच्या पायांनी वाळूत दीडेक फुटाचा खड्डा करते, त्यात शंभराच्या आसपास अंडी घालते, वाळू सारखी करते आणि समुद्रात निघून जाते. पुन्हा ती त्या घरट्याकडे फिरकत नाही. पुढचे पन्नास-पंचावन्न दिवस त्या अंड्यांना सूर्याची ऊब आणि दैवाची दया, एवढाच आधार.

पूर्वी हे दैव फारसे दयाळू नव्हते. घरटे सापडले की अंडी उकरून न्यावीत, काही खावीत, काही विकावीत, असा रिवाज किनाऱ्यावर होता. त्यात कोणाला पापही वाटत नसे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने कासवाला संरक्षण दिले खरे. परंतु कायद्याचे पुस्तक रात्री दोन वाजता वाळूवर जाऊन बसत नाही. तेथे माणूसच बसावा लागतो. मोरजीच्या तेंबवाड्यावर १९९० नंतरच्या दशकात तशी माणसे बसू लागली. वनखात्याने त्यांना साथ दिली. ज्यांना कासवाच्या पावलांचा माग वाळूवर अचूक वाचता येत होता, तेच त्याचे रक्षक झाले. अंडी शोधण्याची विद्या तीच राहिली. तिचा हेतू मात्र पालटला. रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास गावीही २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने ग्रामस्थांना बरोबर घेऊन असेच काम उभे केले. २००६ पासून तेथे कासव महोत्सव भरू लागला आणि पिल्ले पाहावयास येणारे पाहुणे गावकऱ्यांच्याच घरी उतरू लागले.

पण घरटे राखले म्हणजे कासव राखले, असे होत नाही. पिल्लू वाळूतून वर आले की उजेडाच्या दिशेने धावते. निसर्गाच्या हिशेबाने तो उजेड समुद्रावरचा असावयास हवा. तो किनाऱ्यावरील उपाहारगृहाच्या दिव्यांचा असला, तर पिल्लू पाण्याकडे पाठ फिरवते आणि मरते. जे पाण्यापर्यंत पोचते, त्याच्यापुढे तुटक्या जाळ्यांचे आणि प्लास्टिकचे संकट उभे असते. पाण्यात तरंगणारी पिशवी आणि जेलीफिश यांतला भेद कासवाला नेहमी कळतोच असे नाही.

समुद्राचे हे दुखणे प्रथम दिसते ते समुद्रावर जाणाऱ्याला. ऑस्ट्रेलियाचे शिडाच्या होडीचे नावाडी इयन कीर्नन १९८६-८७ मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणेच्या शर्यतीत उतरले. अटलांटिकमधील सारगासो समुद्राविषयी त्यांनी पुष्कळ वाचले होते. प्रत्यक्षात तेथे त्यांना तरंगता कचरा दिसला. घरी परतल्यावर हळहळ करीत न बसता त्यांनी मित्रांना जमवले, आणि ८ जानेवारी १९८९ रोजी सिडनीचे बंदर स्वच्छ करण्यास सुमारे चाळीस हजार माणसे आली. पुढच्याच वर्षी ती चळवळ सबंध देशाची झाली आणि १९९३ पासून इतर राष्ट्रांतही पसरली.

आपल्याकडेही असे साक्षीदार आहेत. दिवाडी बेटावर बांधलेल्या ‘तारिणी’ या शिडाच्या नौकेतून, लेफ्टनंट कमांडर वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली, नौदलाच्या सहा महिला अधिकारी १० सप्टेंबर २०१७ रोजी गोव्याहून निघाल्या आणि पृथ्वीप्रदक्षिणा करून २१ मे २०१८ रोजी परतल्या. खुल्या समुद्रातील प्रदूषणाची नोंद करणे, हेही त्यांच्या कामांपैकी एक होते. जो वाऱ्यावर शीड सोडतो, त्याला पाण्याकडे निरखून पाहावेच लागते. आणि जो निरखून पाहतो, त्याला घाण दिसल्यावाचून राहत नाही.

आता ही घाण येते कोठून? शापोरा नदीचा माग उलट दिशेने काढा. सह्याद्रीत ती तिळारी म्हणून जन्मते, दोडामार्गाकडून गोव्यात उतरते आणि डिचोली तालुक्यातील साळ गावाजवळून वाहत येते. साळच्या काठावर टाकलेली पिशवी आज ना उद्या मोरजीच्या वाळूकडे निघते. डिचोलीकरांना हे वेगळे समजावून सांगण्याचे कारण नाही. खाणींची लाल माती पावसाबरोबर ओहोळांत आणि ओहोळांतून शेतांत कशी उतरते, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले आहे. वर केलेले खाली भोगावे लागते, हा नदीचा नियम. म्हणून किनारा राखण्याचे काम एकट्या किनाऱ्यावरच्या गावाचे नाही.

वर्षातून एक दिवस हातमोजे घालून किनारा झाडणे वाईट नव्हे. तेवढ्याने डोळे तरी उघडतात. पण सेवा म्हणजे समारंभ नव्हे. सेवा म्हणजे जागरण. पहारेकरी घरट्याभोवती कुंपण घालील. शेजारचा दिवा मात्र ज्याचा त्यानेच मालवला पाहिजे. कासवांच्या हंगामातील त्या चार महिन्यांत गिऱ्हाईक कमी झाले तरी चालेल, असे ज्या दिवशी दुकानदार स्वतः म्हणेल, त्या दिवशी तोही स्वयंसेवक झाला. आणि ज्या गावकऱ्याने अंड्यांचे उत्पन्न सोडले, त्यानेच तेवढा त्याग करावा व शेजाऱ्याने दिव्यांच्या माळा लावून पैसे मिळवावेत, हा न्याय नव्हे. असा अन्याय चालू राहिला, तर राखण करणाऱ्याचे मन खट्टू होईल. आणि मन उठले की नुसता पगारी पहारा उरेल.

आपल्या किनाऱ्यावर रापण ओढली जाते. दोन्ही टोकांना माणसे लागतात, सगळ्यांचा जोर एका वेळी लागतो, आणि दोराला हात लावणाऱ्याला वाटा मिळतो. पर्यावरणाचे कामही रापणीसारखेच आहे. एक टोक साळला आहे, दुसरे मोरजीला. वाटा सर्वांनाच हवा असेल, तर दोराला हातही सर्वांनीच लावावयास हवा.

आज जे पिल्लू लाटेत शिरेल, ते मादी असले आणि जगले, तर दहा-पंधरा वर्षांनी याच परिसरात अंडी घालण्यास परत येईल. त्या रात्री तिला येथे काळोख, शांतता आणि स्वच्छ वाळू मिळेल की नाही, हे आपण आज ठरवीत आहोत. गावचा राखणदार सीमेवरून फिरत असेल, तर फिरो. त्याच्या जोडीला आपणही उठले पाहिजे.